स्लिपरवर आलीस होय?

दार उघडल्यावर आत्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. नजर सरळ पायांवर गेली.

"स्लिपरवर आलीस होय?"

"स्लिपर नाही गं, लेदरची आहे."

"बोटांच्या मधून पट्टा, टाचेला काही नाही. मग ती स्लिपरच. लेदरची झाली म्हणून काय तिचं बारसं करायचं?"

मे महिना, सकाळचे दहा, आणि खडकेश्वरच्या तिच्या अंगणातली फरशी आत्ताच चटके देत होती. आम्हाला गुलमंडीला जायचं होतं. सोमवारी पैठणला तिच्या दिराच्या नातीचा साखरपुडा होता आणि आत्याची बाहेर घालायची सँडल मागच्याच आठवड्यात उसवली होती. मी फिकट निळा सुती कुर्ता, घोट्याच्या वर संपणारी पांढरी लिननची पँट आणि पायात ती वादाची वस्तू अशी, स्वतःवर बऱ्यापैकी खूश होऊन आले होते. शिवाय माझा स्वार्थ होता. मी कपड्यांवर लिहिते. रोजच्या उन्हाळी कपड्यांवर स्लिपर कशी घालावी, हा या महिन्याचा विषय, असं मी तिला सांगून टाकलं.

"कशी घालावी म्हणजे? आधी एक पाय घालायचा, मग दुसरा."

"तसं नाही. कशावर काय शोभतं ते लिहायचंय."

"स्लिपर शोभायला कधीपासून लागली? ती बाथरूमला जायला असते."

"मग तुझ्या पायात काय आहे?"

तिच्या पायात हवाई चप्पल होती. पांढरा तळ, निळे पट्टे. टाचेखाली इतकी झिजलेली, की पांढरा थर जाऊन खालचा निळा दिसत होता, मऊ आणि पातळ, जुन्या खोडरबरासारखा.

"ही भाजीची," आत्या म्हणाली. "हिच्यावर मी औरंगपुऱ्याच्या मंडईत जाते, दळण आणते. लोकांत जात नाही. आज नाइलाज आहे, म्हणून तर जायचंय दुकानात."

भाजीला आणि लोकांत. मंडईत भाजी घेणारे कोण असतात हे मी विचारलं नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बाईला असं विचारलं की ती खडू शोधायला लागते.

खरं तर या शहरातला सगळ्यात जास्त घातला जाणारा उन्हाळी पोशाख माझ्या लेखात कधीच येत नाही. सुती गाऊन, वरून ओढणी, ओढणी सापडली नाही तर टॉवेल, आणि पायात हाताला येईल ती स्लिपर, कधी डावी स्वतःची अन् उजवी नवऱ्याची. एवढ्यावर आमच्या सिडकोतल्या बायका कोपऱ्यावरून कोथिंबीर आणतात, कचऱ्याची गाडी गाठतात, पाण्याच्या दिवशी पाइप धरून उभ्या राहतात. बाहेरगावच्यांसाठी सांगते: आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. त्याचा दिवस असतो, आणि तो दिवसही पाण्याच्याच मर्जीवर असतो.

आम्ही सावली धरून औरंगपुऱ्याच्या दिशेनं निघालो.

"या उन्हात पाय कोंडून ठेवण्यात काय अर्थ आहे, तूच सांग," मी सुरुवात केली. "बोटांच्या बेचक्यात घाम, मग खाज. स्लिपरमधे निदान वारा लागतो."

"वारा लागतो, तशी धूळही लागते. संध्याकाळी पाय बघ स्वतःचे. आणि हे काय झालंय?"

माझ्या पावलांवर पट्ट्यांच्या जागी गोरा, इंग्रजी व्ही उमटला होता. बाकीचा पाय पंधरा दिवसांच्या उन्हात करपलेला.

"कशात जिंकलीस म्हणायची?"

तेवढ्यात शेजारून एक स्कूटी गेली. वर दोघी जणी. डोळे सोडून सगळ्या चेहऱ्याला स्कार्फ, अंगात लांब बाह्यांचा सनकोट, हातात मोजे, आणि पायात अंगठ्याला वेगळी जागा असलेले कातडीच्या रंगाचे मोजे, त्यावर स्लिपर. मार्च ते जून जालना रोडच्या कुठल्याही सिग्नलला अशा पन्नास जणी दिसतात.

"ह्या बघ," आत्या म्हणाली. "ह्यांनी सोडवलंय गणित. वाराही नाही आणि ऊनही नाही."

मी तिला म्हटलं, की तू हसतेस, पण ही जोडी फार जुनी आहे. जपानमधे भाताच्या काडाची सपाट चप्पल असते, झोरी. तिच्यावर अस्सेच अंगठा वेगळा असलेले मोजे घालतात, त्यांना ताबी म्हणतात. जपानी मजूर उसाच्या मळ्यांत कामाला हवाई बेटांवर गेले, तशी त्यांची चप्पलही गेली. पुढं काडाच्या जागी रबर आलं. ब्राझीलमधे १९६२ साली हवायानास नावाची रबरी चप्पल निघाली, तिच्या तळावर तांदळाच्या दाण्यांची नक्षी आहे, ती त्या जपानी काडाची आठवण. आणि आपण दुकानात जाऊन 'हवाई' मागतो.

"बोटात धरून चालायला जपानला कशाला जायला पाहिजे? खडावा काय होत्या? अंगठ्यात खुंटी धरायची आणि चालायचं. आमच्या पैठणहून नाथांच्या पादुका दर आषाढीला पंढरपूरला जातात, पालखीत बसून." मग जरा थांबून म्हणाली, "पादुकांना पालखी. वहाणेला उंबऱ्याबाहेरची जागा."

मोज्यांवरून तिला शाळेची सहल आठवली. अजिंठ्याला ती चाळीस-चाळीस पोरं घेऊन गेलेली आहे. लेण्यात शिरताना पादत्राणं बाहेर काढावी लागतात, आणि बुटांच्या नाड्या सोडण्या-बांधण्यात निम्मा दिवस जायचा. "तेव्हा स्लिपरवाली पोरं सगळ्यांच्या आधी आत. हे मात्र मी कबूल करते." तिच्या मते अजिंठ्याच्या भिंतींवरच्या राण्या अंगभर मोती घालून अनवाणीच वावरतात. मोजे दिसतात ते १ नंबरच्या लेण्याच्या छतावर, पेला घेऊन बसलेल्या टोपीवाल्या परदेशी माणसाच्या पायात. "पट्ट्यापट्ट्यांचे. पोरं ते बघून हसायची, की सरांच्या मोज्यांसारखे आहेत म्हणून."

गुलमंडीच्या तोंडाशी तिची चप्पल तुटली.

तुटली म्हणजे दोन बोटांमधला पट्टा ज्या बटणानं तळाखाली अडकलेला असतो, ते बटण झिजून मोठ्या झालेल्या भोकातून वर निसटलं. आत्या दचकलीसुद्धा नाही. एका पायावर उड्या मारत सुपारी मारुतीच्या देवळाजवळ एका पायरीवर बसली, चप्पल मांडीवर उलटी घेतली, बटण अंगठ्यानं दाबून खाली काढलं, बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन सोडवली आणि तळाखालून बटणाच्या देठात आरपार घातली. पिनेचं टोक बंद करून तिनं चप्पल दोनदा फरशीवर आपटून पाहिली. सगळं मिळून एक मिनिट.

"तुझी ती बाराशेची तुटली तर काय करशील?" तिनं विचारलं.

"दुरुस्तीला नेईन."

"तोपर्यंत?"

मी उत्तर दिलं नाही. रस्त्यावर एक गृहस्थ कडक इस्त्रीच्या शर्टात लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन चालले होते, पायात काळी रबरी स्लिपर. मी आत्याला ते दाखवले.

"हे बघ. पत्रिका वाटायला निघालेत. त्यांना कोणी विचारलं का, स्लिपरवर आलात होय म्हणून?"

"पुरुषाच्या पायाकडे कोण बघतं?"

"तेच म्हणतेय मी! आपल्याच पायाकडे का बघायचं? टाच झाकलेली बाई नीट आणि उघडी असली की गबाळी, हे ठरवलं कुणी? मी दिवसभर टाचेच्या सँडलवर उभी राहून कंबर धरून घरी यायचं, तर मी व्यवस्थित. यात माझ्यासाठी काय आहे?"

आत्या लगेच बोलली नाही. पायरीवर सावली होती आणि तिला उठायची घाई नव्हती. मग ती जे बोलली, ते मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

"बहात्तरच्या दुष्काळात मी पंधरा वर्षांची होते. आई रस्त्याच्या कामावर जायची, खडी फोडायला. सुकडी मिळायची तिथं. पायात टायरच्या चपला. टायर कापून, वरून त्याचेच पट्टे खिळ्यांनी ठोकलेले. खिळा वर आला की दगडानं खाली ठोकायचा. ती चप्पल तिनं कामावर घातली, पण गावात शिरताना काढून हातात घ्यायची. पारावर मोठी माणसं बसलेली असायची ना. त्यांच्यासमोरून सुनेनं चप्पल वाजवत जायचं नाही. फुफाटा पेटलेला असायचा मे महिन्यात. पाय भाजायचे, पण चप्पल हातात. माझ्या लग्नानंतर सासरी मीही तेच केलं, पदराखाली धरून."

"तू?"

"मग काय. मास्तरीण झाले होते मी, डी.एड. केलं होतं. शाळेत जाताना वेशीपर्यंत हातात, वेशीच्या पुढं पायात. सासूबाई म्हणायच्या, पायातली वहाण पायातच बरी. ते चपलेबद्दल म्हणायच्या नाहीत, हे कळायचं मला. पहिल्या पगारात मी काय घेतलं माहितेय? मागं पट्टा असलेली सँडल. बकलाची. ती चटकन काढता येत नाही. वाकून, बकल सोडून काढावी लागते. पारासमोर मी काही वाकले नाही."

मी गप्प. माझ्या पायातली चप्पल एका झटक्यात निघते, हा तिचा गुण म्हणून मी लेखाच्या टिपणात पहिल्याच ओळीत लिहिला होता.

"आणि आमचं तरी बरं," आत्या पुढं म्हणाली. "माझ्याबरोबर शाळेत एक बाई होत्या. नागसेनवनात, मिलिंदला शिकलेल्या. त्यांच्या आईच्या वेळी त्यांच्या वस्तीतल्या माणसानं पायात चप्पल घालून गावातून जाणं म्हणजे भांडणच. बाईची गोष्ट सोडच. या बाई रोज पॉलिश केलेल्या बंद सँडल घालून यायच्या. सव्वीस जानेवारी असो, नाहीतर शाळेच्या हौदात पाणी भरायचं असो. पाणी भरताना आम्ही सगळ्या स्लिपर घालायचो. त्या नाही. मी एकदा म्हटलं, अहो भिजतील. त्या म्हणाल्या, वाळतील."

देवळातून घंटा वाजली. आम्ही उठलो, दर्शन घ्यायला आत गेलो. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "माझं लक्ष मारुतीकडे होतं. तुझं चपलेकडे." खरं होतं ते. तिची पिनेची स्लिपर कोण नेणार होतं?

त्या पायरीनंतर माझा विषय माझ्या हातातून थोडा निसटला, त्या बटणासारखाच. स्लिपर आवड म्हणून घालता येते ती त्यालाच, ज्याच्या कपाटात दुसरा जोड असतो आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं. बंगालमधे ममता बॅनर्जी २०११ साली मुख्यमंत्री झाल्यावरही सुती साडी आणि हवाई चप्पल यांवरच वावरत राहिल्या, आणि त्याला लोक साधेपणा म्हणाले. विधानभवनाच्या पायऱ्यांवर हवाई चप्पल साधेपणा ठरते. रेशनच्या रांगेत तिला कोणी साधेपणा म्हणत नाही, तिथं ती नुसती चप्पल असते.

तरी मी हार मानली नव्हती. चालता चालता म्हटलं, "आत्या, पण दिवस बदललेत ना. परदेशात आता मोठमोठी फॅशन घरं स्लिपर विकतात, साधी, सपाट, दोन पट्ट्यांची. किंमत ऐकलीस तर इथंच बसशील."

"ते प्राडा का? वाचलंय मी. २०२५ च्या जूनमधे, मिलानला. आपल्या कोल्हापुरीसारखीच्या सारखी चप्पल पोरांच्या पायात घालून चालवली आणि लिहिलं काय, तर लेदर सँडल. कोल्हापूरचं नाव नाही. आरडाओरडा झाला तेव्हा कबूल केलं." मास्तरीण जागी झाली होती. "कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन कधी मिळालं?"

"२०१९."

"जिल्हे?"

"कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. आणि चार कर्नाटकातले."

"बरं. आता सांग, ती चप्पल त्यांच्या पायात गेल्यावर फॅशन झाली आणि पंढरीच्या वारकऱ्याच्या पायात असताना काय होती?"

"तू माझाच मुद्दा माझ्यावर फिरवतेस."

"मुद्दा माझाच आहे. तू उशिरा आलीस."

दुकानात गर्दी होती. जमिनीलगत तिरका ठेवलेला आरसा, खोक्यांचे ढीग, रबराचा आणि फेविकॉलसारखा वास. दुकानदार मुलगा आत्याला म्हणाला, "मावशी, डॉक्टर स्लिपर दाखवू का? एमसीआरची. मऊ आहे." आत्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुझ्या लेखात हे लिही. मला शुगर आहे. डॉक्टरांनी बोटात पट्टा असलेली बाहेर घालू नका म्हणून सांगितलंय. बेचक्यात घासतं, जखम होते आणि शुगर असलं की दुखतही नाही, कळतच नाही. शोभणं-बिभणं नंतर."

मी लिहून घेतलं. इथून पुढं आम्ही दोघी अचानक एका बाजूला आलो, कारण प्रश्न तत्त्वाचा उरला नाही, पायाचा झाला.

शेजारी हिरवा चुडा भरलेली एक नवी नवरी बोटात पट्टा असलेली चप्पल घालून पाहत होती आणि तोंड वाकडं करत होती. जोडवी! चप्पल घालणाऱ्या सगळ्या बायकांना हे माहीत असतं, कुठल्याही फॅशनच्या पुस्तकात ते नसतं. जोडवं दुसऱ्या बोटात, पट्टा त्या बोटाच्याच कुशीत, आणि चांदी रबरावर घासत राहते. दोन दिवसांत बोट सोलतं. आत्यानं तिला पावलावर आडवे दोन पट्टे असलेली चप्पल काढून दिली, "ही घाल बाई, नाहीतर जोडवी गुळगुळीत घे, नक्षीची नको." नवरीनं आडव्या पट्ट्याची घेतली.

मग आत्यानं, निव्वळ मला गप्प करायला, एक पातळ पट्ट्यांची तपकिरी लेदरची सपाट स्लिपर पायात घातली आणि आरशासमोर उभी राहिली. वर तिची कांजी केलेली करड्या रंगाची सुती साडी. मी म्हणेन, देखणी दिसत होती. तिनं मात्र लगेच खाली बोट दाखवलं. साडीचा फॉल फरशीवर लोळत होता.

"बघितलंस? ही साडी मी सँडलवर नेसते. दीड इंच टाच गेली की फॉल झाडू मारतो." हवाईवर मंडईत जाताना ती निऱ्या अर्धा-पाऊण इंच वर खोचते, हे तेव्हा तिनं सांगितलं. साडी नेसायच्या आधी चप्पल पायात घाला, हे वाक्य मी लेखात तिच्या नावानं टाकणार आहे.

पलाझोचंही तेच. मागचा घेर स्लिपर आणि टाच यांच्या मधे सापडतो, पाऊल उचललं की आपणच आपल्याला ओढतो. जिन्यावर तर नकोच. म्हणून स्लिपरवर घोट्याच्या वर संपणारं काहीही बरं: आखूड सलवार, सिगारेट पँट, गुडघ्याखालचा सुती फ्रॉक. चुडीदारावर मला ती कधीच पटली नाही. घोट्याशी एवढ्या चुण्या आणि खाली पाय एकदम उघडा, बांधकाम अर्धवट राहिल्यासारखं दिसतं. कुर्त्यावर भरतकाम असेल तर चपलेवर मणी-खडे नकोत. आणि कपडे अगदी साधे असतील तर चप्पल झिजलेली चालत नाही, तिथं साधेपणा आणि गबाळेपणा यांच्यात तेवढंच अंतर असतं. हिमरूची ओढणी आणि पायात साधी काळी स्लिपर, हे मात्र या शहराला शोभतं, असं माझं ठाम मत आहे. आत्याचं नाही.

"पैठणीवर?" मी मुद्दाम विचारलं.

"पैठणीवर स्लिपर घालून आलीस तर मी ओळख दाखवणार नाही."

तिथं माझंही दुमत नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चपलेत नसतेच, ती टाचेत असते. टाच उघडी टाकायची तर भेगा दिसणार. आत्याकडे अजून तिच्या सासूची पितळी वज्री आहे, खालून खरबरीत, वरती बसलेला मोर. अशा वज्र्या पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचेमागं ठेवल्यात. आत्याच्या मोरीत ती साबणाच्या डबीशेजारी असते. रात्री टाच घासून आमसुलाचं तेल गरम करून भरायचं आणि जुने मोजे घालून झोपायचं, हा तिचा उपाय. दुकानदारानं आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी आधी भोगली होती पण मला समजली नव्हती: हलक्या फोमच्या, म्हणजे ईव्हीएच्या स्लिपरा गच्चीवर उन्हात विसरल्या की आखडतात. मागच्या वर्षी माझी सात नंबरची चप्पल सहाची झाली होती आणि मी पाय सुजले म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आले होते.

आत्यानं शेवटी मागं पट्टा असलेली, बकलाची, काळी सँडल घेतली. साखरपुड्याला. घरासाठी डॉक्टर स्लिपर. हवाई टाकून देऊ का, असं त्या मुलानं विचारलं, तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं ती स्वतःच पिशवीत भरून दिली.

घरी पोचलो तेव्हा एक वाजला होता. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. मी माझी स्लिपर दाराबाहेर काढली, तर आत्या आतून म्हणाली, "आत घे ती. बाराशेची आहे. कुत्रं नेईल." तिनं स्वतः ती वर्तमानपत्रावर, फ्रिजच्या शेजारी नेऊन ठेवली. हवाई बाहेरच राहिली, पिनेसकट.

पन्हं प्यालो. मी टिपणं काढून बसले होते. "तुझं ते स्कूटीवरचं लिहिलंस का? ब्रेक मारताना पाय टेकवावा लागतो, तेव्हा स्लिपर निसटून मागच्या गाडीखाली जाते. माझी एक गेलीय क्रांती चौकात. दुसरी मी घरी आणली. एका चपलेचं काय करायचं ते लिही." मी म्हटलं, तू स्कूटी कधी चालवलीस? "तुझ्या काकांच्या मागं बसायचे. मागं बसणाऱ्याचीही निसटते."

तेवढ्यात शेजारच्या काकूंची हाक आली. "पाणी आलंऽऽ!"

आज पाण्याचा दिवस नव्हता. परवा यायचं होतं. पण आलं होतं, आणि ते किती वेळ राहील हे कोणी सांगू शकत नव्हतं. आत्यानं पदर खोचला, पिंप उघडलं, पाइप ओढला. मी बादल्या उचलल्या आणि दाराबाहेर धावले, तर फरशी अशी तापलेली, की पाय परत आत. लेदरची फ्रिजशेजारी होती, पण पाण्यात ती कशी घालणार? मी बाहेर पडलेली हवाई पायात सरकवली. तळ इतका झिजलेला, की फरशीची ऊब लागतच होती, आणि चालताना खालची सेफ्टी पिन टिक टिक वाजत होती. पांढरी लिननची पँट मी गुडघ्यापर्यंत दुमडली. कुर्त्याची टोकं कमरेला गाठ मारून बांधली.

आत्या नळाशी वाकलेली होती. तिनं मान वर करून मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "आता शोभतीय. ती मोठी बादली आण आधी."